एका संध्याकाळपुरते: फाळके की बाबूराव पेंटर?

सोलापुरातला आमचा गट जेमतेम पंधरा-वीस जणांचा. निवृत्त मास्तर, दोघे यंत्रमागवाले, एक फोटोग्राफर, बाकी कॉलेजची पोरं. एका संध्याकाळच्या कार्यक्रमात मूकपटांच्या काळातला एकच दिग्दर्शक घ्यायचा, दीड तास बोलायचं आणि थोडं पडद्यावर दाखवायचं, एवढं ठरलं. नाव मात्र ठरेना. एक बाजू दादासाहेब फाळक्यांची, दुसरी बाबूराव पेंटरांची. तुमच्याकडेही असा घोळ चालला असेल तर आमची वादावादी कामाला येईल.

फाळके सांगायला सोपे, कारण आयुष्यच गोष्टीसारखं. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म, मुंबईत जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, मग फोटोग्राफी, छपाई, असे धंदे बदलत माणूस चाळिशीला पोचला. १९११मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात एकच घेतलं: असंच आपल्या देवांचं दाखवायचं. १९१२मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला. पैसे देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून रोपाच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण करून छोटी फिल्म केली. ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामती झाले अण्णा साळुंके, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुवायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच बघायच्या. (माझं मत विचाराल तर कार्यक्रम सरस्वतीबाईंवरच करावा, पण ते मतदानात पडलं.)

उतार तितकाच मोठा. नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, भागीदारांशी बिनसलं, फाळके सगळं सोडून काशीला गेले, परत आले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ सरला. त्यांनी एकच बोलपट केला, १९३७चा ‘गंगावतरण’, तोही कोल्हापुरात. १९४४ साली नाशिकला गेले.

फाळक्यांची मोठी सोय म्हणजे दाखवायला काहीतरी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चे तुकडे उरलेत आणि १९१९च्या ‘कालिया मर्दन’चा बराच भाग शाबूत आहे. त्यात कृष्ण झालीय त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू आणि पलीकडे कन्नड ऐकू येणाऱ्या आपल्या गावात ते पोरगं कालियाच्या डोक्यावर नाचताना पाहायला दुभाषा लागत नाही. प्रेक्षकांत लहान मुलं आणि घरची म्हातारी माणसं जास्त असतील, तर पुढचं वाचू नका, फाळकेच घ्या.

पेंटरांची अडचण नेमकी उलटी. त्यांच्या मूकपटांतलं फारच थोडं हाती लागतं. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म कोल्हापूरचा, १८९०चा. नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून आडनावच पेंटर पडलं. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून कॅमेरा बनवायच्या खटपटीत होते. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२०च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरची कात्री लागली. टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. ‘सिंहगड’साठी त्यांनी दिव्यांच्या उजेडात चित्रण केलं. एरवी सगळा कारभार सूर्यावर चालायचा.

आमच्या गटाचं पारडं हललं ते ‘सावकारी पाश’मुळे. साल १९२५. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शहरात येऊन गिरणीत मजूर होतो. शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. देवादिकांच्या गर्दीत हा विषय! गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची घड्याळं चालली, अशी माणसं आमच्यात आहेत. त्यांच्या आज्यापणज्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. तो मूकपट हरवलाय, पण गोष्ट नुसती सांगितली तरी सभागृह गप्प होतं, हे आमच्याच बैठकीत पाहिलं.

शिवाय गावाचा धागा आहे. १९४७चा ‘लोकशाहीर रामजोशी’ आपल्या सोलापूरच्या शाहिरावर. त्याच्या दिग्दर्शनात बाबूरावांसोबत शांतारामांचंही नाव आहे. निर्मिती शांतारामांच्या राजकमल या चित्रसंस्थेची. १९२९मध्ये हेच शांताराम, दामले, फत्तेलाल गुरूची कंपनी सोडून ‘प्रभात’ ही स्वतःची फिल्म कंपनी काढायला गेले होते आणि गुरूची कंपनी पुढे दोनेक वर्षांत बंद पडली. त्याच शिष्याकडे जाऊन काम करताना बाबूरावांना काय वाटलं असेल, यावरच अर्धा तास जाईल.

मग शांतारामच का नाही, असं एका पोराने विचारलं. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ त्यांचीच, १९४६ची, आणि चीनमध्ये जखमींवर उपचार करणारे डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचेच. पण त्यांची कारकीर्द दीड तासात कोंबणं म्हणजे सोलापूरची मोठी गड्ड्याची जत्रा ओसरीवर भरवणं. त्यांना वेगळी संध्याकाळ द्यावी.

निवाडा शेवटी यंत्रमागवाल्याने केला. तो इतका वेळ गप्प होता. म्हणाला, “कॅमेरा घरी बनवला म्हणता, मग त्यातली दातेरी चाकं कुणी कापली बे?” कुणालाच सांगता येईना. त्यानंतर फाळक्यांचं नाव परत निघालं नाही.

तरी पहिली दहा मिनिटं ‘कालिया मर्दन’ लावणार आहोत. साडेसहा म्हणजे साडेसहाला सुरू, उशिरा येणाऱ्याला मंदाकिनी दिसणार नाही. त्यानंतर प्रोजेक्टर बंद, आणि फोटोग्राफर त्याच्या वडिलांच्या पेटीतला जुना कॅमेरा टेबलावर उघडून ठेवणार.