व्हेरिएबल एनडी फिल्टर: लाटांच्या संगतीत दीड वर्ष

डब्यावर एक फोटो छापलाय. काळे खडक, त्यांच्याभोवती सायीसारखा गुळगुळीत समुद्र आणि लाट म्हणाल तर औषधालाही नाही. दीड वर्षापूर्वी ७७ मिलिमीटरचा हा फिल्टर मी त्या फोटोला भुलूनच घेतला, खोटं कशाला बोलू! आज तो बॅगेतून हलत नाही, पण तसला फोटो काढायला मी तो वापरतच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतेय. खाली ज्या तक्रारी आहेत त्या थोड्याफार फरकाने या जातीच्या बहुतेक फिल्टरना लागू आहेत, उगाच एकालाच का झोडपा.

एनडी म्हणजे लेन्सला घालायचा गॉगल. एक स्टॉप कापला की प्रकाश निम्मा. साध्या एनडीत काच एकच आणि अंधारही ठरलेला. व्हेरिएबलमध्ये दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणाऱ्या काचा, एकावर एक बसवलेले असतात, पुढची कडी फिरवली की अंधार वाढत जातो. माझ्या फिल्टरवर २ ते ८ स्टॉप असं छापलंय. ८ स्टॉप म्हणजे प्रकाश २५६ पट कमी.

आता आधी एक कबुली. फुटणाऱ्या लाटेचे माझे निम्मे फोटो फिल्टर न लावता काढलेले आहेत. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाटेचा तोल जातो. तळाचा उतार सौम्य असेल तर माथ्यावरून फेस नुसता घरंगळत खाली येतो. तळ एकदम वर आला असेल तर माथा पुढे वळतो, कमान होते आणि धाडकन कोसळते. त्या कमानीत समोरून ऊन आलं की पातळ पाण्याची हिरवी काच दिसते, ती जेमतेम क्षणभर टिकते. तिथे १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागतं, थेंब न् थेंब सुटा दिसायला हवा. अशा वेळी लेन्सवर गॉगल घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दुकानात हे कोणी सांगत नाही.

फिल्टरचं खरं काम लाट फुटून गेल्यावर सुरू होतं. खडकावर आपटलेलं पाणी मागे ओसरताना फेसाचे पांढरे दोरे ओढत नेतं. १/८ सेकंदाला ते दोरे नुसते हललेले दिसतात, हात थरथरला की काय असं वाटतं. अर्ध्या सेकंदाला मात्र एकेक दोरा वेगळा दिसतो, कुठला दगडाला वळसा घालून गेला, कुठला फटीत शिरला, सगळं कळतं. दोन सेकंदांना त्यांची चादर होते आणि आठ सेकंदांना धुकं. मला हवं असतं ते अर्ध्या सेकंदाच्या आसपासचं, फार तर एक सेकंद.

ढगाळ सकाळी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ ला (लेन्सचं छिद्र बरंच लहान) माझा कॅमेरा १/३० सेकंद दाखवतो. कडी चार स्टॉपवर नेली की बरोबर अर्धा सेकंद. पाच मिनिटांनी ढग सरकला, उजेड वाढला, कडी जराशी पुढे. फिल्टर काढणं नाही, आटे जुळवणं नाही, ओल्या बोटांनी काच धरणं नाही. याआधी मी सुट्या काचांचा संच वापरायचे. त्यातली एक काच खडकांच्या फटीत गेली ती गेलीच. या एका सोयीसाठी या फिल्टरला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. आणि हो, शटर लाट येताना दाबायचं नाही, पाणी परत फिरू लागलं की दाबायचं. हे कळायला मला सहा-सात फेऱ्या लागल्या.

छापलेले आठ स्टॉप मात्र कागदावरचे. वाइड लेन्सवर सहाच्या पुढे गेलं की फोटोभर काळपट फुली उमटते. दोन पोलरायझर जवळजवळ आडवे-उभे झाले की तिरप्या येणाऱ्या प्रकाशाला ते सगळीकडे सारखं अडवत नाहीत, त्याचा हा परिणाम. ती फुली एडिटिंगमध्ये घालवायच्या नादात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. फुली गेली नाही. माझ्यापुरता हा २ ते ६ स्टॉपचा फिल्टर आहे.

दुसरी खोड जास्त छुपी आहे. पुढची काच मुळात पोलरायझर असल्यामुळे कडी फिरवली की अंधाराबरोबर ओल्या वाळूवरची चमकही बदलते. चार स्टॉपवर वाळूत आभाळाचं प्रतिबिंब झकास दिसत होतं, पाचवर ते पुसलं गेलं, असं माझं झालंय. दोन्ही गोष्टी मनासारख्या एकदम मिळत नाहीत. निळं आभाळ बरंच घेतलं तर त्यातही एका बाजूला गडद डाग येतो. म्हणून मी क्षितिज वर ठेवते आणि आभाळाची नुसती पट्टी घेते.

रंगाचं बोलायचं तर हा फिल्टर पिवळट तपकिरी झाक सोडतो. खडकावर ती खपून जाते, फेसावर नाही. फेसातले बुडबुडे सगळे रंग सारखेच विखुरतात म्हणून तो पांढरा दिसतो, आणि तो पांढरा असतो हे बघणाऱ्याला पाठ असतं. तिथे चहाचा डाग चालत नाही. मी नेहमी रॉ फाइल काढते, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल. एडिटिंगला बसलं की व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (जिथे टेकवाल ती जागा रंगहीन धरून बाकीचे रंग सुधारणारं साधन) उन्हातल्या फेसावर टेकवते, सावलीतल्या फेसावर नाही. सावलीतल्या फेसात आभाळाचा निळा उतरलेला असतो, तो काढून टाकला की लाट थर्माकोलची दिसते.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटरही फेसाला फसतो. चौकटभर पांढरं दिसलं की तो फोटो काळवंडून टाकतो. मी एक्स्पोजर थोडं वाढवते, पण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजवीकडे सगळ्यात उजळ भाग) उजव्या भिंतीला आपटू देत नाही. जळालेला फेस कुठल्याही स्लायडरने परत येत नाही. पुढे एडिटिंगमध्ये हायलाइट, म्हणजे उजळ भाग, खाली आणि लाटेच्या हिरव्या काचेवर छोटा मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, जरासा उजेड, एवढंच. डीहेझ, म्हणजे धूसरपणा कमी करणारा स्लायडर, मात्र पूर्ण फोटोवर ओढू नका. खडक ठसठशीत होतात हे खरं, पण फेस कपडे पिळल्यानंतरच्या पाण्यासारखा दिसायला लागतो.

कधी कधी मी दोन फोटो जोडते, वरची कमान १/१००० ची आणि पुढचं ओसरणारं पाणी अर्ध्या सेकंदाचं. ट्रायपॉड तोच, फक्त मधे फिल्टर चढवायचा. भाचा म्हणतो, "मावशी, ही चीटिंग आहे." त्याला मी गुस्ताव्ह ल ग्रे सांगितला. हा फ्रेंच माणूस १८५० च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी अशा दोन जोडून छापत होता, कारण तेव्हाच्या काचा निळ्या प्रकाशाला इतक्या हळव्या की समुद्र नीट आला तर आभाळ कोरं जायचं. भाचा म्हणाला, "म्हणजे तेव्हापासून चीटिंग." बरं बाबा.

सगळ्यात मोठी तक्रार अजून राहिलीय, खारं पाणी. दोन काचांमध्ये फट असते आणि ती बंदिस्त नाही. पहिल्याच महिन्यात घरी येऊन मी फिल्टर सरळ नळाखाली धरला. साध्या एनडीला हे चालतं. इथे पाणी आत शिरलं आणि सुकल्यावर मसुराएवढा डाग मागे ठेवून गेलं. सूर्य समोर असला की तो फोटोत अजून दिसतो. तेव्हापासून गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मऊ कापड आधी नुसतं टेकवते, मीठ विरघळू देते, मग पुसते. कोरडं पुसलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. कडीत वाळूचा कण गेला की फिरवताना कर्रकर्र आवाज येतो, त्यावर ब्लोअर हाच इलाज.

तर घ्यावा का? तुमच्याकडे ट्रायपॉड असेल आणि ओसरत्या पाण्यात जीव रमत असेल तर जरूर घ्या. डब्यावरचं धुकं हवं असेल तर दहा स्टॉपची साधी काच घ्या, ती फुली काढत नाही. फक्त उसळत्या लाटा गोठवायच्या असतील तर यातलं काहीच घेऊ नका.

एक राहिलं. कडीवरचे आकडे राखाडी आणि इतके बारीक आहेत की चष्म्यावर तुषार उडालेले असताना वाचताच येत नाहीत. मी चार स्टॉपच्या खुणेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. खाऱ्या वाऱ्याने तो दर दोन-तीन महिन्यांनी उडतो. आत्ताही अर्धाच शिल्लक आहे.