ग्रोथबुक : निकालासोबत क्वेरीही दाखवणारे साधन

संकेतस्थळावर ए/बी चाचण्या (अभ्यागतांना पानाचे दोन पर्याय विभागून दाखवून तुलना) चालवणाऱ्या विश्लेषकाचा बराच वेळ ‘हा आकडा आला कुठून?’ या एका प्रश्नाला उत्तर देण्यात जातो. चाचणीच्या डॅशबोर्डवर खरेदी वाढलेली दिसते, वित्त विभागाच्या अहवालात ती दिसत नाही, आणि कात्रीत सापडतो तो विश्लेषक. ग्रोथबुक या मुक्तस्रोत साधनाची बाजू मला इथेच सर्वांत भक्कम वाटते. भेटींची नोंद या साधनाकडे साठवावी लागत नाही. बिगक्वेरी, स्नोफ्लेक, रेडशिफ्ट किंवा पोस्टग्रेस या डेटा साठवणाऱ्या प्रणालींपैकी जिथे आपला डेटा आधीच आहे, तिथेच ते क्वेरी (डेटाला विचारलेला प्रश्न) चालवते आणि प्रत्येक निकालामागचे एसक्यूएल, म्हणजे ती क्वेरी ज्या भाषेत लिहितात तो मजकूर, उघडून पाहू देते. ‘ऑर्डर’ची व्याख्याही आपणच लिहायची असल्यामुळे, रद्द झालेल्या ऑर्डरी वगळायच्या की नाहीत हा वाद निकालानंतर न होता चाचणीपूर्वीच मिटवता येतो.

गूगल ऑप्टिमाइझ हे गूगलचे ए/बी चाचण्यांचे साधन ३० सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाले. त्याच्या सवयीने इकडे येणाऱ्याला मात्र सुरुवात जड जाईल. कोणत्या अभ्यागताला कोणता पर्याय दिसला, ही नोंद आपल्याच इव्हेंट प्रणालीत (अभ्यागतांच्या कृती टिपणाऱ्या यंत्रणेत) पाठवावी लागते. स्वतःच्या सर्व्हरवर मोफत चालवायचे तर डॉकर (सॉफ्टवेअर चालवण्याची यंत्रणा) आणि मोंगोडीबी (डेटाबेस) सांभाळणारे कोणी तरी हवे. ज्या चमूत एसक्यूएल लिहिणारे कोणीच नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

अभ्यागतांच्या विभागणीची तपासणी आपोआप होते, हे मला रंगीत आलेखांपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. समान विभागणी ठरवली असताना एका बाजूला २५,००० आणि दुसऱ्या बाजूला २५,८०० अभ्यागत आले, तर वरवर पाहणाऱ्याला त्यात काहीच खटकणार नाही. प्रत्यक्षात निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी असते, म्हणजे कुठे तरी रीडायरेक्ट (दुसऱ्या पानावर वळवणे), बॉट (स्वयंचलित भेटी) किंवा नोंदणीतला दोष दडलेला असतो. अशा वेळी ग्रोथबुक ठळक इशारा देते. तो इशारा आल्यावर रूपांतरणाचा दर (खरेदीसारखी अपेक्षित कृती करणाऱ्या अभ्यागतांचे प्रमाण) कितीही सुखद दिसला, तरी तो वाचूच नये.

माझा मुख्य आक्षेप आहे तो पहिल्याच पडद्यावर झळकणाऱ्या ‘जिंकण्याची शक्यता’ या टक्केवारीवर. साधनाची मूळ (डीफॉल्ट) मांडणी बेझियन पद्धतीची, म्हणजे आधीचा अंदाज आणि नवा डेटा जोडून शक्यता काढणारी आहे, आणि पूर्वानुमान (तो आधीचा अंदाज) वेगळे दिले नाही तर ही टक्केवारी एकतर्फी पी-मूल्याचेच (प्रत्यक्षात फरक नसताना योगायोगाने एवढा निकाल येण्याच्या शक्यतेचेच) उलटे रूप ठरते. त्यामुळे रोज सकाळी डोकावून ९५ टक्के दिसताच चाचणी थांबवली, तर फसव्या विजयांचे प्रमाण वाढते. बेझियन म्हटले की कधीही थांबायला मोकळीक, असा समज प्रॉडक्ट मॅनेजरांत चांगलाच रुजलेला असतो आणि हा पडदा त्याला खतपाणीच घालतो. ३ टक्के रूपांतरणाचा दर ३.३ टक्क्यांवर गेला का, हे नेहमीच्या ५ टक्के सार्थकता पातळीवर (फरक नसताना तो आहे असे वाटण्याची मर्यादा) आणि ८० टक्के सामर्थ्याने (खरा फरक पकडण्याची शक्यता) ओळखायचे, तर प्रत्येक पर्यायाला सुमारे ५३ हजार अभ्यागत लागतात. हा हिशेब चाचणीपूर्वी लिहून सर्वांना पाठवावा आणि तोवर निकालाचे पान बंद ठेवावे.

टप्प्याटप्प्याने निकाल पाहण्याची शिस्तबद्ध पद्धत या साधनात आहे. पण ती फ्रीक्वेंटिस्ट (बेझियनऐवजी पी-मूल्यावर आधारलेल्या) मांडणीपुरती आणि सशुल्क योजनेतच मिळते. क्युपेड ही सांख्यिकी पद्धतही सशुल्क आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेली क्युपेड चाचणीपूर्वीच्या वर्तनाचा आधार घेऊन निकालातली अस्थिरता कमी करते. ते पैसे मोजावेत का, हे आपल्या ग्राहकांवर ठरते. किराणा किंवा औषधे मागवायला तेच लोक पुन्हा पुन्हा येत असतील, तर चाचणीचा कालावधी खरोखर घटू शकतो. गृहकर्जाच्या चौकशीसारख्या संकेतस्थळावर मात्र बहुतेक अभ्यागतांचा पूर्वेतिहासच नसतो, तेव्हा तिथे मोफत आवृत्तीच पुरे.