चहा सांडलेला लॅपटॉप: घरी वाळवावा, कंपनीकडे न्यावा की तापकीर गल्लीत?

मागच्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर अर्धा कप अमृततुल्य चहा सांडला, तेव्हा माझ्यापुढे तीन वाटा होत्या: घरीच वाळवणे, कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात देणे किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात चिप लेव्हल दुरुस्ती (संपूर्ण बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला छोटा भागच बदलणे) करणाऱ्या कारागिराकडे नेणे. कोणतीही वाट निवडली तरी पहिली दोन मिनिटे सारखीच असतात. भिंतीवरचे बटण बंद करून चार्जर काढावा, पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र पूर्ण बंद करावे आणि ते उघड्या अवस्थेतच तंबूसारखे उलटे ठेवावे, म्हणजे द्रव मदरबोर्डाकडे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाकडे, न झिरपता बाहेर येतो. यानंतर ‘चालू होतो का बघू’ हा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्या एका चाचणीतच मोठे नुकसान होऊ शकते.

निवड करताना काय सांडले आहे, हे आधी पाहावे. साधे पाणी उडून जाते आणि मागे क्षारांचा पातळ थर राहतो. चहातली साखर आणि दूध मात्र उडत नाहीत. त्यांचा चिकट थर हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि लॅपटॉप बंद दिसत असला तरी बॅटरी जोडलेली असल्यामुळे मदरबोर्डाच्या काही भागांत विद्युतदाब कायम असतो. ओलावा, क्षार आणि विद्युतदाब एकत्र आले की बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा आणि सोल्डरचे टाके झिजू लागतात. म्हणूनच चहाच्या बाबतीत खरा प्रश्न वाळवण्याचा नसून धुण्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

या कसोटीवर घरगुती उपाय फार थोड्या प्रसंगी उतरतो. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला अजूनही घरोघरी दिला जातो. परंतु तांदूळ आतली साखर शोषत नाही आणि ॲपलनेही 2024 मध्ये ओला फोन तांदळात ठेवू नये असे स्पष्टपणे सांगितले. पुण्याच्या जुलैतल्या दमट हवेत तर नुसते वाळवण्यावर विसंबणे अधिकच धोक्याचे आहे. हेअर ड्रायरच्या गरम हवेने बटणांचे प्लॅस्टिक वाकते आणि द्रव आणखी आत ढकलला जातो. पाण्याचे चार थेंब वरच्या वर पुसले गेले असतील, तर पंख्यासमोर दोन दिवस ठेवणे पुरेसे ठरू शकते. डेस्कटॉपचा साधा वायरचा कीबोर्ड असेल, तर तो काढून स्वच्छ पाण्याने धुवावा, पूर्ण वाळवावा आणि मगच जोडावा. त्यासाठी दुकान गाठण्याची गरज नाही.

अधिकृत सेवा केंद्राची बाजू भक्कम असते ती सुटे भाग अस्सल मिळण्यात, आणि अपघाती नुकसानाचे संरक्षण आधीच विकत घेतले असेल तर खर्चातही. तसे संरक्षण असेल, तर यंत्र दुसऱ्या कोणाच्या हाती न देता थेट तिथेच न्यावे. नेहमीच्या वॉरंटीत मात्र द्रवामुळे झालेले नुकसान सहसा बसत नाही. चहा सांडल्याचे लपवूनही उपयोग नसतो, कारण अनेक यंत्रांत ओल लागताच लाल होणारी खूणपट्टी आत चिकटवलेली असते. शिवाय केंद्रात बहुतेकदा संपूर्ण मदरबोर्डच बदलला जातो आणि चार-पाच वर्षांच्या जुन्या लॅपटॉपसाठी तो खर्च पेलण्यासारखा नसतो.

मी तिसरी वाट धरली. कारागिराने माझ्यासमोर मागचे झाकण उघडले, सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली आणि भिंगाखाली मदरबोर्ड दाखवला. चार्जिंगच्या खाचेजवळच्या एका चिपच्या पायांवर हिरवट-पांढरी पूड धरली होती आणि कडेला सुकलेल्या दुधाची पिवळसर रेषा दिसत होती. सांडून जेमतेम दीड दिवस झाला होता. मदरबोर्ड बाहेर काढून त्याने अल्ट्रासॉनिक यंत्रात (द्रवातल्या ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या यंत्रात) आणि नंतर मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल हा चटकन उडून जाणारा द्रव लावून साफ केला व तो एकच भाग बदलला. कीबोर्ड मात्र नवीन घालावा लागला.

या वाटेतही जोखीम आहे. सर्वांचे कसब सारखे नसते, सुटे भाग कोठून आले हे कळत नाही आणि वॉरंटी शिल्लक असेल तर ती धोक्यात येते. म्हणून मदरबोर्ड काढून धुणार की नुसता हवेने वाळवणार, हे आधीच विचारावे आणि दुरुस्तीची हमी पावतीवर लिहून घ्यावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत मिळाले, तर पुढच्या दुकानात जावे.

यंत्रापेक्षा त्यातले काम मोलाचे असेल, तर तोल आणखी बदलतो. पुष्कळ लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी पट्टी, स्क्रूने बसवलेली असते. ती काढून वेगळ्या कव्हरमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, त्यामुळे यंत्र कोठेही देण्यापूर्वी ती स्वतःकडे ठेवावी. ॲपलच्या अलीकडच्या मॅकबुकप्रमाणे साठवण मदरबोर्डावरच असेल, तर मदरबोर्ड बदलताच आतला डेटाही जातो. अशा वेळी बॅकअप नसल्यास, आधी मूळ मदरबोर्ड जिवंत करून डेटा काढून देणारा कारागीर शोधावा आणि नवीन मदरबोर्डाचा विचार त्यानंतर करावा.