हातमागाची काळी घोंगडी: तिन्ही ऋतूंत वापरल्यानंतर

दिवाळीनंतर घेतलेली घोंगडी पावसाळा सरत आला तरी रोज वापरात आहे, म्हणून आता सविस्तर लिहितेय. माणदेशातल्या एका सनगर कुटुंबाकडून, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांकडूनच, थेट घेतली. लांबी साडेआठ फूट, रुंदी चार फूट, वजन दोन किलोच्या थोडं वर. रंग काळा, काठाला करड्या पट्ट्या. तीन हजारांच्या आत मिळाली.

सगळे पहिल्यांदा विचारतात, टोचते का? टोचते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. मऊसूत शाल हवी असेल त्यांनी ही घेऊ नये. आम्ही अंथरताना वर सुती चादर घालतो, पांघरताना आतून जुनी साडी. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, म्हणजे जावळाची घोंगडी बरीच मऊ असते, पण ती महाग पडते.

या घोंगडीला रंग दिलेला नाही, मेंढीचा रंग तोच तिचा. एकदा गॅलरीत उन्हात पसरली तेव्हा नीट पाहिली. दुरून काळीभोर दिसते, पण जवळून पाहिलं तर काही तंतू कुळकुळीत काळे, काही तपकिरी, मधेच एखादा पांढरा केस. मेंढीच्या पाठीवरच्या लोकरीची टोकं उन्हानं तांबूस होतात, तीच छटा कापडात उतरलेली. एका कोपऱ्यात धाग्यात पिळला गेलेला गवताचा कुसळ सापडला. कुठल्या माळावर ते मेंढरू चरलं असेल, तिथला. तो कातरणीतून सुटला, पिंजणीतून सुटला आणि पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर आला. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. तो तसाच ठेवलाय.

नवी असताना घोंगडी ताठ होती, घडी नीट बसायची नाही. तो ताठपणा चिंचोक्याच्या खळीचा. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचे आणि शिजवून खळ करायची. ताणलेल्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, ती कुंच्यानं चढवली की खरबरीत सूत मागावर तुटत नाही. एरवी आपण फेकून देतो ते बी इथं मागाचा आधार होतं. वापरता वापरता खळ मोडली आणि आता घोंगडी अंगासरशी पडते.

थंडीत ऊब उत्तम, त्यात विशेष सांगण्यासारखं नाही. मला खरं आश्चर्य पावसाळ्यात वाटलं. गाद्या-उशा दमट लागत होत्या तेव्हा ही कोरडी लागायची. लोकरीच्या तंतूवर बाहेरून बारीक खवले असतात, त्यावरून थेंब ओघळून जातो. आतला गाभा मात्र हवेतला ओलावा शोषतो, स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के, तरी हाताला ओलं लागत नाही. मेंढी पावसात उघड्यावर उभी राहते ती याच्याच जोरावर. धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो तेव्हा तो मेंढीचंच पांघरूण वापरत असतो. लोकर सहजी पेटतही नाही, त्यामुळे चुलीची ठिणगी उडाली तर जरा करपते आणि विझते.

तक्रारीही आहेत. दमट दिवसांत मेंढराचा वास येतो, मोकळ्या हवेत टाकली की जातो. सुरुवातीला बारीक केस गळायचे, गडद फरशीवर दिसायचे नाहीत पण पांढऱ्या चादरीवर दिसायचे. धुणं कष्टाचं आहे. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते खवले एकमेकांत अडकतात, कापड आटून नमद्यासारखं, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडासारखं, घट्ट होतं. त्यामुळे मशीन पूर्ण वर्ज्य. गार पाण्यात रिठा, हलक्या हातानं दाबायची, पिळायची नाही, सावलीत आडवी वाळवायची. भिजल्यावर एकट्या माणसाला उचलत नाही आणि वाळायला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यातच धुवा. कपाटात महिनोन्महिने पडून राहिली तर कसर लागते. आमची रोज झटकली जाते, तिला काही झालेलं नाही.

घेताना एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येईल आणि राख बोटांत चुरली जाईल. कृत्रिम धागा वितळून टणक मणी होतो. बाजारात मिसळीचा माल भरपूर आहे.

अस्सल लोकर दिवसेंदिवस कमी होतेय, हे मला विणणाऱ्यांकडूनच कळलं. लोकरीला भाव नाही, म्हणून बरेच मेंढपाळ जत भागातल्या माडग्याळी मेंढीकडे वळले. ती मटणासाठी चांगली, पण तिच्या अंगावर लोकर नावालाच. ज्यांच्याकडे दख्खनी मेंढ्या आहेत त्यांनाही कातरायची मजुरी लोकर विकून सुटत नाही, कातरलेली लोकर बांधावर टाकून द्यावी लागते. तिकडे मागावर बसणाऱ्याला चांगली लोकर मिळत नाही, मिळाली तर हातानं कातणारं कोणी उरलेलं नाही. हे ऐकल्यावर मी किमतीची घासाघीस केली नाही. तुम्हीही करू नका. कातणं, खळ चढवणं, खड्ड्याच्या मागावर दिवसदिवस बसणं हे सगळं त्या रकमेत आहे.

सासूबाईंसाठी जावळाची एक सांगून ठेवली आहे. पुढची कातरणी झाल्यावर मागावर चढेल असं विणणारे म्हणाले, तेव्हा मिळायला वेळ लागेल हे धरूनच मागणी नोंदवा.