बिबट्या: दूर नेऊन सोडायचा की आहे तिथेच राहू द्यायचा?

पिंजरा लागला, बिबट्या अडकला, की गावाला हायसं वाटतं. पुढाऱ्यालाही काम दाखवता येतं. पण जुन्नरमध्ये 2001पासून पकडलेले बिबटे दूर जंगलात सोडले जाऊ लागले आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातला हा आकडा. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, परत फिरतो.

दुसरा मार्ग बिबट्याला तो राहतो त्या उसाच्या शेतातच राहू देण्याचा: बंदिस्त गोठे, मोकाट कुत्र्यांवर नियंत्रण, रात्री सावधगिरी. केंद्राच्या 2011च्या मार्गदर्शक सूचनांचा कल इकडेच. मलाही हेच पटतं. मात्र ज्याच्या घरातलं मूल गेलं, त्याला हे कुणी सांगायचं?