आधी सही आली, वाचन मागे राहिले: सोलापुरातील कर्जदार महिलांच्या वर्गात बारा आठवडे

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घरोघरी विड्या वळल्या जातात आणि एकाच गल्लीत तेलुगू, मराठी व कन्नड अशा तीन भाषा कानावर पडतात, तिथे महिलांना गटाने कर्ज देणाऱ्या एका संस्थेने आपल्या कर्जदारांसाठी साक्षरता आणि पैशाच्या व्यवहाराचा वर्ग चालवला. आठवड्यातून एक दिवस, दीड तास, असे बारा आठवडे. माझी शेजारीण त्या संस्थेची कर्जदार आहे. तिला एकटीला जायला संकोच वाटत होता, म्हणून सहकारी बँकेच्या काउंटरवर एकतीस वर्षे काढून निवृत्त झालेली मी तिच्यासोबत पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बसले. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण असे वर्ग आता अनेक कर्जसंस्था भरवतात आणि अशा वर्गाला जावे की नाही हे ठरवणाऱ्या बाईला नावापेक्षा आत काय शिकवतात हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

आरंभीच सांगते, की हा वर्ग अर्धा वाईट आणि अर्धा फार चांगला निघाला आणि ही विभागणी जवळजवळ शिक्षिका बदलली त्या दिवशीच झाली.

पहिले पाच आठवडे वेळ सकाळी अकराची होती. विडी कामगारांच्या वस्तीत ही वेळ कोणी ठरवली असेल, याचे मला आजही नवल वाटते. त्या सुमारास बायका आदल्या दिवशी वळलेला माल कारखान्याच्या शाखेत मोजून द्यायला आणि दुसऱ्या दिवसाची पाने व तंबाखू आणायला रांगेत उभ्या असतात. एकवीस जणींची नावे हजेरीपटावर होती, पण समोर सात-आठ जणी दिसत. आलेल्या बायकांना विड्या वळायचे सूप बाहेर ठेवायला सांगितले जाई, कारण वर्गात विड्या वळणे शिस्तीत बसत नव्हते. हात चालता असेल तर दीड तासात विड्यांच्या चार-पाच जुड्या, म्हणजे कट्टे, बांधून होतात. म्हणजे फुकट म्हणवणाऱ्या या वर्गाची खरी किंमत प्रत्येक बाई तेवढ्या कट्ट्यांच्या मजुरीने मोजत होती. शिवाय हप्त्याबरोबर दर आठवड्याला वीस रुपये 'साहित्य शुल्क' घेतले जाई आणि त्याची पावती मिळत नसे. साहित्य म्हणजे एक दुरेघी वही आणि एक पेन्सिल, एवढेच मला दिसले.

या पाच आठवड्यांत सही शिकवली गेली, दुसरे जवळजवळ काहीच नाही. ठिपक्यांवरून नाव गिरवायचे, मग ठिपक्यांशिवाय गिरवायचे, मग वहीची पाने त्याच नावाने भरायची. साठी ओलांडलेली एक अक्का, जिने लहानपणी तेलुगू शाळेत दोन वर्षे काढली होती, स्वतःचे आडनाव मराठीत लिहिताना दर वेळी एक काना कमी द्यायची आणि शिक्षिका दर वेळी ते पान खोडून काढायच्या. सही येण्याचा आनंद मी कमी लेखत नाही. काउंटरच्या आतल्या बाजूने मी तो शेकडो वेळा पाहिला आहे. पण त्याच काउंटरवर मी आणखी एक गोष्ट शिकले, जी या वर्गाच्या आखणीत कोणाच्या ध्यानात आलेली दिसली नाही. अंगठा लावणाऱ्या ग्राहकाला आमच्या शाखेत दोन साक्षीदार लागत आणि कागदावर काय आहे ते तिला वाचून दाखवण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर असे. सही करणाऱ्या ग्राहकाला मात्र कोणी काही वाचून दाखवत नाही, कारण जिला सही येते तिने कागद वाचलाच असणार असे सगळे धरून चालतात. तेव्हा वाचन न शिकवता केवळ सही शिकवणे म्हणजे त्या बाईला होते ते संरक्षणही काढून घेणे होय.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील म्हसवडचा दाखला इथे आठवतो. माण तालुक्यातील महिलांनी चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढण्यासाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तकांमध्ये अंगठेबहाद्दर बायका आहेत या कारणाने रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायकांनी काही महिने अक्षरओळखीचे वर्ग केले आणि पुन्हा गेल्या, तेव्हा आम्ही व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय काढून दाखवावे, असे त्यांनी सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बायकांनी अक्षरे शिकण्याची अट मान्य केली खरी, पण आपली बाजू मांडताना त्यांनी पुढे केला तो हिशोब, जो त्यांना आधीपासून येत होता. आमच्या वर्गात पहिले पाच आठवडे नेमका तोच विसरला गेला होता. दिवसाला शेकड्यांनी विड्या मोजून देणाऱ्या आणि नापास विड्या वगळून मजुरी किती होते ते कारखान्याच्या मुनीमाआधी सांगणाऱ्या बायकांना फळ्यावर एक ते शंभर अंक म्हणायला लावणे हा मला अपमानच वाटला. शेजारीण तर तिसऱ्या आठवड्यानंतर सोडूनच देणार होती.

सहाव्या आठवड्यात त्या शिक्षिकांची बदली झाली आणि त्यांच्या जागी तिशीची एक मुलगी आली, जिची आई विडी कामगार होती असे तिनेच सांगितले. तिने पहिल्या दिवशी तीन गोष्टी केल्या. वेळ दुपारी तीनची केली, सूप आत आणू दिले आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकीने आपले कर्जकार्ड घेऊन यावे असे सांगितले. त्यानंतर हजेरी अठराच्या खाली कधी गेली नाही.

सातव्या आठवड्याचा तास मी जसाच्या तसा सांगते, कारण या परीक्षणाचे निमित्त तोच आहे. तिने बायकांकडूनच बारा कट्टे मागून घेतले आणि सतरंजीवर ओळीने मांडले. एका कट्ट्यात पंचवीस विड्या असतात. एक विडी म्हणजे शंभर रुपये असे धरले, तर एक कट्टा अडीच हजारांचा आणि बारा कट्टे तीस हजारांचे. हे तुमचे कर्ज, ती म्हणाली. वर्षाला बारा टक्के व्याज म्हणजे छत्तीसशे, एकूण तेहेतीस हजार सहाशे आणि महिन्याचा हप्ता अठ्ठावीसशे. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण व्याज याच भाषेत सांगणारे गल्लोगल्ली आहेत. मग तिने एका बाईला दर महिन्याला एक कट्टा परत द्यायला लावले. सहा हप्ते झाल्यावर तिने विचारले, "आता तुमच्याकडे किती उरले?" सहा कट्टे. "आणि व्याज किती कट्ट्यांवर लावलंय?" क्षणभर शांतता पसरली. मग ती आडनावाचा काना विसरणारी अक्का हातातले पान खाली ठेवून म्हणाली, "बारावरच की! जे परत दिलं त्याचं पण."

त्यानंतर फळ्यावर आकडे आले. वर्षभरात बाईच्या हाती सरासरी साडेसहा कट्टे, म्हणजे सव्वासोळा हजार रुपये राहतात आणि त्यावर छत्तीसशे व्याज पडते. सरसकट बारा टक्के म्हणून सांगितलेले हे व्याज घटत्या शिलकीवर काढले, तर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जाते. बँकेत मी हा फरक नव्या कारकुनांना समजावताना कितीतरी कागद वाया घालवले आहेत. मला कट्टे सुचले नव्हते.

पुढचे दोन आठवडे कर्जकार्डावर गेले आणि इथे वाचन शिकवण्याची तिची पद्धत पाहण्यासारखी होती. तिने मुळाक्षरे घेतली नाहीत. कार्डावरचे दहा-बारा शब्द घेतले: मुद्दल, व्याज, विमा, प्रक्रिया शुल्क, हप्ता, शिल्लक, तारीख, तक्रार. तेवढे शब्द चित्रासारखे ओळखता येऊ लागले, की त्यातली अक्षरे सुटी करून दुसऱ्या शब्दांत शोधायची. मंजूर रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांत फरक का पडतो, हे विम्याचा शब्द वाचता आल्यावर चौघी-पाचजणींना पहिल्यांदाच कळले. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या नियमांतील काही गोष्टी तिने याच ओघात सांगितल्या: वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले असे कर्ज विनातारण असले पाहिजे, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड घेता येत नाही, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही आणि कार्डावरील नोंदी कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हव्यात. या शेवटच्या मुद्द्यावर तेलुगू बोलणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. त्यांना मराठी बोलता येते, पण समजणारी भाषा कोणती हे त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते.

दहाव्या आठवड्याचा विषय हिशोब ठेवणे हा होता. संस्थेच्या छापील पुस्तिकेत रोजकीर्द, जमा-खर्चाचे रकाने आणि नफा काढण्याचा तक्ता आहे. तिने पुस्तिका मिटून ठेवली आणि दोन डबे आणायला सांगितले, एक धंद्याचा आणि एक घराचा. शेजारीण विड्यांच्या जोडीला कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून विकते. पिठाचे पैसे आणि मुलाच्या शाळेचे पैसे तिच्या एकाच बटव्यात असत. आता भाकरीचे पैसे धंद्याच्या डब्यात जातात आणि घरासाठी त्यातून घ्यायचे असतील, तर ती ठरलेली रक्कमच काढते. हा आळशीपणाचा मार्ग आहे असे वाटेल त्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधील एका प्रयोगाकडे पाहावे. तिथल्या आदोपेम या संस्थेच्या छोट्या कर्जदारांपैकी काहींना रीतसर हिशोबलेखन शिकवले गेले आणि काहींना असेच सोपे ठोकताळे, ज्यांत घर आणि धंदा यांचे पैसे वेगळे ठेवणे मुख्य होते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ठोकताळे शिकलेल्यांच्या व्यवहारात सुधारणा दिसली, हिशोबलेखन शिकलेल्यांच्या व्यवहारात म्हणण्यासारखी दिसली नाही.

मोबाइलवरच्या व्यवहारांचा तास बरा होता. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे एक वाक्य बायकांच्या लक्षात राहिले तरी पुरे.

आता न शिकवलेल्या गोष्टींबद्दल. जी संस्था कर्ज देते तीच शिकवते, याची सावली सगळ्या वर्गावर होती. हप्ता वेळेवर भरण्याचे महत्त्व दर आठवड्याला एकदा तरी सांगितले गेले. कर्ज नको म्हणावे कसे, हे एकदाही नाही. गटातली एखादी हप्ता देऊ शकली नाही, तर बाकीच्यांनी वर्गणी काढून तो भरायचा का, आणि किती वेळा, हा प्रश्न तीन बायकांनी वेगवेगळ्या दिवशी विचारला. गटकर्जातला सगळ्यांत दुखरा प्रश्न हाच आहे. शेजारणींमधली भांडणे, दागिने मोडणे, एक हप्ता भरायला दुसरीकडून उचल घेणे, सगळे इथूनच सुरू होते. नवी शिक्षिकाही तिथे गप्प झाली आणि तो विषय अभ्यासक्रमात नाही असे म्हणाली. तिचा नाइलाज मला समजला, पण उत्तर मिळाले नाही हेही खरे. एका बाईवर तीन ठिकाणचे कर्ज होते, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होते. निम्म्या उत्पन्नाची मर्यादा सांगताना तिचे उदाहरण घेऊन हिशोब करता आला असता, निदान नाव न घेता.

आणि शेवटचा दिवस. प्रमाणपत्रे वाटण्यासाठी संस्थेचे साहेब आले, फलकापुढे छायाचित्रे निघाली आणि प्रमाणपत्राच्या मागोमाग वाढीव कर्जाचे अर्ज वाटले गेले. ज्या हातांनी सही गिरवली होती, त्याच हातांनी ती ताबडतोब वापरावी अशी ती योजना दिसली. सात जणींनी तिथेच सह्या केल्या. शेजारणीने अर्ज घरी नेऊन वाचते असे सांगितले, त्यावर साहेब हसले. तिने तो घरी नेला आणि माझ्या ओट्यावर बसून बोट फिरवत तासभर वाचला. 'विमा' आणि 'शुल्क' हे शब्द तिने स्वतः शोधले, बाकीचे मी सांगितले. पुढच्या बैठकीत तिने साहेबांना विचारले, की विमा नवऱ्याचा आहे की माझा. साहेबांना कार्यालयात फोन करावा लागला. अर्ज अजून तिच्या धंद्याच्या डब्याखाली आहे.

अक्षरओळख एवढेच हवे असेल, तर केंद्र सरकारच्या 2022 ते 2027 या काळासाठी आखलेल्या उल्लास कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील कोणालाही विनाशुल्क शिकता येते आणि तिथे कोणी कर्जाचा अर्ज पुढे करत नाही. या वर्गाला जायचे असेल, तर दुपारच्या तुकडीत नाव घालावे, नवी शिक्षिका आहे का ते आधी विचारावे, वीस रुपयांची पावती मागावी आणि कर्जकार्ड पहिल्याच दिवशी बरोबर न्यावे, मग ते कोणी मागो वा न मागो. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असल्याचे कळले. दुखऱ्या प्रश्नाचे उत्तर मागायला ती अक्का पुन्हा जाणार आहे आणि तिच्याबरोबर मीही.