बुना-एन की ईपीडीएम?

भोसरीत छोटं वर्कशॉप टाकलेल्या भाच्याचा काल फोन आला. "मामा, हायड्रॉलिक सिलिंडरच्या ड्रॉइंगवर ओ-रिंगला बुना-एन लिहिलंय, दुकानदार ईपीडीएम देतोय. दोन्ही काळ्याच. चालेल ना?"

आधी शब्द. ओ-रिंग म्हणजे गळती रोखणारी गोल रबरी कडी; बुना-एन आणि ईपीडीएम ही दोन वेगळी कृत्रिम रबरं. आता बुना: ब्युटाडाईनचं 'बु', नेट्रियम म्हणजे सोडियमचं 'ना'. सोडियम वापरून बनवलेल्या जर्मन कृत्रिम रबराचं हे नाव. पुढचा 'एन' नायट्राइलचा. म्हणजे बुना-एन, नायट्राइल, एनबीआर ही एकाच मालाची तीन नावं.

तेल: इथेच निकाल लागतो. हायड्रॉलिक तेलात ईपीडीएम फुगतं. एकदा पंपातून काढलेली अशी रिंग मला परत खाचेत बसवता येईना. बोटाखाली नुसती लिबलिबीत. नायट्राइल तिथे मजेत राहतं.

ऊन-पाणी: गच्चीवर गणित उलटं. ऊन आणि ओझोनने नायट्राइलला चिरा पडतात, ईपीडीएम टिकतं. गरम पाण्यात, वाफेतही तेच सरस. नायट्राइल साधारण १०० अंशांपर्यंतच धरा.

किंमत? छोट्या मापात फरक चहाच्या पैशांचा.

तर भाच्याच्या हायड्रॉलिक सिलिंडरला नायट्राइलच. सोलर हीटरच्या सांध्याला ईपीडीएम. आणि ब्रेक ऑइल नावालाच ऑइल; त्याचे डॉट-३, डॉट-४ हे प्रकार खनिज तेलावर नव्हे, ग्लायकॉलवर आधारलेले असतात, तिथेही ईपीडीएमच.